भाऊजींचे सोंडेचे ड्रम

आमच्या थोरल्या भाऊजींनी टिचकी मारून पाहिली नाही अशी वस्तू नाशिक शहरात शिल्लक असेल, असं मला वाटत नाही. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा उंबऱ्यावर ठेवलेलं तांदळाचं माप मी ओलांडण्याआधी त्यांनी वाकून नखाने वाजवलं आणि "आत तांदूळ आहेत म्हणून दबलंय, नाहीतर चांगलं बोललं असतं," असं सगळ्या वऱ्हाडासमोर सांगून टाकलं. मला वाटलं, नव्या नवरीचा ताण हलका करायला थट्टा केली असेल. पुढे कळलं की भाऊजी थट्टा करतच नाहीत. कलिंगड सगळेच वाजवून घेतात, पण हे भोपळाही वाजवून घेत, माठ वाजवत, लोकांच्या घरी गेले की कपाटाच्या दाराला ओझरतं बोट लावून पाहत, आणि एसटीत बसायच्या आधी तिच्या पत्र्यावर थाप मारत. एकदा न्यूमोनियाची शंका आली म्हणून डॉक्टर त्यांच्या पाठीवर बोटं ठोकून तपासत होते, तर यांनी मान वळवून सुचवलं, "जरा डावीकडे घ्या, तिकडे जास्त खुला लागतो." येवल्याला पैठणी घ्यायला गेलो होतो तेव्हा आम्ही जावा रेशमात हरवून गेलो आणि भाऊजी हातमागाच्या लाकडी चौकटीवर ठिकठिकाणी बोटं वाजवत राहिले. विणकर आधी वैतागला, मग कुतूहलाने थांबला, आणि शेवटी दोघे एकेका खांबाला कान लावून उभे असलेले आम्ही पाहिले. त्या गडबडीत पैठणी राहिली ती राहिलीच.

त्यांचा व्यवसाय फायबरच्या वस्तू बनवण्याचा. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं वर्कशॉप आहे. बागेतल्या घसरगुंड्या, पेंग्विनच्या तोंडाचे कचऱ्याचे डबे, मंगल कार्यालयांच्या दारात सोंड वर करून उभे असलेले पांढरे हत्ती, हे सगळं तिथे जन्माला येतं. आमच्या गावातल्या निम्म्या मुलांच्या चड्ड्या भाऊजींच्या घसरगुंड्यांवर झिजल्या आहेत आणि निम्म्या नवरदेवांनी भाऊजींच्या हत्तींना टेकून फोटो काढले आहेत. पण या सगळ्याला ते 'पोटापाण्याचं' म्हणत. खरं काम म्हणजे काय, ते सांगायला लागले की वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, हळूच उठून आत जात, कारण ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमात.

गोष्ट अशी. माझ्या सासऱ्यांचा खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा होता. नाताळात देवळाली कॅम्पातल्या एका हॉलमध्ये नाच-गाण्याचा कार्यक्रम असे आणि त्याच्या खुर्च्या आमच्याकडून जात. एका वर्षी शाळकरी भाऊजी वडिलांबरोबर खुर्च्या मांडायला गेले आणि दाराशी उभे राहून वाद्यवृंद ऐकू लागले. तिथे त्यांनी तो ड्रमसेट पाहिला. ड्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल, सरळ डबे येतात. हे तसे नव्हते. प्रत्येक ड्रम वर गोल होता, तिथे काठी मारायची. पण खाली तो हत्तीच्या सोंडेसारखा वळून पुढे आला होता आणि त्याचं रुंद, उघडं तोंड सरळ लोकांकडे वळलेलं होतं. लहानमोठ्या अशा लालभडक सोंडा एका ओळीत रोखलेल्या, आणि त्यांच्या मागे ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली, घट्ट अंबाडा बांधलेली एक तरुण बाई. "तिने काठी मारली की आवाज खोलीभर पसरत नव्हता," भाऊजी सांगत, "सरळ पुढे येत होता. माझ्या छातीवर येऊन बसला." एवढं सांगून ते थांबत आणि स्वतःच्या छातीकडे पाहत. मुलगी बघायला आलेला मुलगा असं काही सांगतो म्हटल्यावर वहिनींच्या घरच्यांनी जरा चौकशी वाढवली होती, असं वहिनी सांगतात.

ड्रम वाजवणारी बाई होती यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि सोंडेच्या ड्रमवर तर अजिबातच नाही. आम्ही सगळ्यांनी ते भाऊजींचं स्वप्न म्हणून सोडून दिलं होतं. मग मोबाइल आले. एके दिवशी दुपारी भाऊजी जिना चढून आमच्या मजल्यावर आले आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यात खरंच ते ड्रम होते. कुठल्याशा दूरच्या देशात, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेला एक माणूस त्यांच्याशेजारी उभा होता. ते ड्रम फार पूर्वी फायबरमध्येच बनत, मग बंद झाले, जुने सेट हौशी लोक जपून ठेवतात आणि आता कुणी कुणी तसेच नवे घडवतात, असं त्याखाली लिहिलेलं मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. "फायबरमध्ये," भाऊजी म्हणाले. मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे भरले होते. आयुष्यभर ज्या वस्तूचा ध्यास घेतला ती आपण रोज हाताळतो त्याच मालाची आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर ते असे व्हिडिओ तासन्‌तास पाहत, तेही आवाज बंद करून. इंग्रजी उच्चार कळत नाहीत, मग ऐकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी शाळेत मराठी शिकवत होते. फायबरमधलं मला काही कळत नाही, पण पुढच्या काळात मी जे पाहिलं त्याने मी थक्क झाले. नुसत्या फोटोंवरून भाऊजींनी थर्मोकोल आणि प्लास्टरची एक सोंड घडवली. ती इतके दिवस घासली की हात लावला तर बोट निसटावं. तिच्यावरून साचा घेतला. साच्यात काचेच्या तंतूंची चटई आणि रेझिन नावाचा चिकट द्रव यांचे थर दिले. सगळं वाळलं, आणि ड्रम साच्यातून बाहेर येईना. घसरगुंडी सरळ निघते, हत्तीची सोंड वेगळी करता येते, पण पोकळ आणि वळलेली वस्तू अखंड साच्यात अडकून बसते. भाऊजी आणि त्यांचा जुना कारागीर किसन यांनी साचा फोडून ड्रम काढला. किसन हरसूलचा, माणूस अबोल. साच्याचे तुकडे गोळा करताना तो एवढंच म्हणाला, "बाळंतीण गेली, पोर वाचलं." मग भाऊजींनी दोन भागांचा साचा केला, जोड दिसू नये म्हणून पुन्हा घासाघास, जाडी कमी-जास्त, तोंडाची रुंदी कमी-जास्त. घसरगुंड्यांच्या ऑर्डरी मागे पडल्या. एका कार्यालयाचा हत्ती लग्नसराई उलटून गेल्यावर पोचला.

ड्रम तयार झाला की त्याच्यावर पडदा ताणून भाऊजी काठी किसनच्या हातात देत आणि स्वतः सोंडेच्या तोंडासमोर डोळे मिटून उभे राहत. किसन काठी मारी. भाऊजी बराच वेळ तसेच उभे राहत, मग मान हलवत. "पुढे येत नाही," म्हणत. झालं, तो ड्रम बाद. मला तर तो चांगला दणदणीत वाटायचा, पण ज्याने आयुष्यभर मापापासून माठापर्यंत सगळं ऐकलं त्याला मी काय सांगणार? बाद ड्रमांची संख्या वाढत गेली तशी त्यांची विल्हेवाट हा घरापुढचा प्रश्न झाला. वहिनींनी अंगणात एकात मोगरा लावला, दुसऱ्यात अळू. गल्लीतल्या मांजरीने तिसऱ्यात पिल्लं घातली. एक किसनने गावी नेला, तो त्याच्या मेहुण्याने लाटला. मेहुणा हरसूलच्या आठवडे बाजारात भाजी विकतो. त्याने वरचा पडदा काढून सोंडेच्या बारीक टोकाला तोंड लावून भाव पुकारायला सुरुवात केली, तेव्हा बाजाराच्या दुसऱ्या टोकाची गिऱ्हाइकं चालत येऊ लागली. किसनने हे कौतुकाने सांगितलं, "लय लांब जातो साहेब आवाज." भाऊजींना ते आवडलं नाही. एरवीही ते अलीकडे चिडचिडे झाले होते. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची रोजची तक्रार झाली होती.

आपण काहीतरी चुकीचं आठवतोय, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते ड्रम जिने खरोखर वाजवले तिलाच विचारलं पाहिजे, असा त्यांनी ध्यास घेतला. ठिपक्यांचा फ्रॉक आणि अंबाडा एवढ्या खुणांवर माणूस कसं शोधणार, म्हणून मी सुरुवातीला लक्ष दिलं नाही. पण माझी शाळेतली एक मैत्रीण शरणपूरची, तिथल्या जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. तिच्याजवळ मी हे हसत हसत बोलले, तर ती हसली नाही. "अगं, ती आमची विमलमावशी," ती म्हणाली.

भाऊजींना घेऊन मी तिच्याबरोबर विमलबाईंच्या घरी गेले. विमलबाई ऐंशीच्या पुढच्या. पांढरी साडी, लख्ख चेहरा, अंबाडा अजूनही घट्ट. त्यांनी आम्हाला केक दिला आणि सगळं शांतपणे सांगितलं. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने ते ड्रम परदेशातून आणले. भावांच्या वाद्यवृंदातला ड्रमवाला ऐन नाताळात आजारी पडला तेव्हा घरात ताल सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. लग्नानंतरही काही वर्षं वाजवत होत्या. वाद्यं पंचवटीत नदीजवळच्या एका खोलीत ठेवलेली असत. एका पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला आणि ड्रम गेले. "मी पुलावर उभी होते," विमलबाई म्हणाल्या, "लाल तोंडं वर करून एकामागून एक निघाले होते. बुडाले असते तर बरं वाटलं असतं. पण ते तरंगत गेले." भाऊजी त्यांच्या ओठांकडे एकटक पाहत ऐकत होते. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडून विमलबाईंना वर्कशॉपवर यायचं निमंत्रण दिलं.

विमलबाई एका रविवारी दुपारी आल्या. वर्कशॉप बंद होतं, बाकीचे कामगार सुट्टीवर होते. आम्ही दोघी जावा, किसन आणि भाऊजी एवढेच होतो. भाऊजींनी पूर्ण सेट मांडून ठेवला होता, मिरचीसारखा लाल. विमलबाई दारातच थांबल्या. पुरात गेलेली वस्तू समोर पाहिल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी लिहू शकत नाही. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, स्टूल थोडं पुढे ओढलं आणि काठ्या हातात घेतल्या. सुरुवातीला हात अडखळले. मग डाव्या हाताला काहीतरी आठवलं, ते त्याने उजव्याला सांगितलं, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये असा एक ताल उभा राहिला की माझ्या अंगावर काटा आला. एवढीशी ती बाई, आणि आवाज तिच्यापासून निघून सरळ आमच्याकडे चालत येत होता. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. लग्नापासून ऐकलेल्या गोष्टीतला आवाज त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

भाऊजी सोंडांसमोर डोळे मिटून उभे होते. विमलबाई थांबल्या. भाऊजींनी मान हलवली आणि ते म्हणाले, "पुढे येत नाही."

विमलबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ड्रमच्या धातूच्या कडेवर काठीच्या टोकाने टकटक केलं, बारीक पण स्पष्ट. मी वळले, वहिनी वळल्या, किसनने वर पाहिलं. भाऊजी डोळे मिटून तसेच उभे. विमलबाईंनी पुन्हा टकटक केलं, जरा जोरात. भाऊजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वहिनींच्या हाताची पकड सुटली. कितीतरी वर्षं ग्राइंडरच्या कर्कश आवाजात उभा राहिलेला हा माणूस, आणि आम्ही रोज त्याच्याशी बोलत होतो, एकाच घरात राहत होतो.

विमलबाई उठल्या, भाऊजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे उघडल्यावर सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आवाज पुढे येतोय. तुमच्यापर्यंत पोचत नाहीये."

भाऊजींनी आमच्याकडे पाहिलं. मग किसनकडे. किसन मान खाली घालून म्हणाला, "पयल्यापासून येतो साहेब. पयल्या ड्रमपासून." ते त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण कळलं. ते तिथल्याच एका उलट्या पिंपावर बसले आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे पाहत राहिले. वहिनी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. शेवटी विमलबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांना उठवून सगळ्यात मोठ्या सोंडेसमोर उभं केलं, अगदी जवळ, छाती तिच्या तोंडाला टेकेल इतकं. त्यांचे दोन्ही हात कडेवर ठेवले. मग जाऊन बसल्या आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. भाऊजींचा सदरा थरथरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी नुसती मान डोलावली, वरखाली.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. तपासणी झाली, कानाचं यंत्र आलं. ते लावलं की चमचे ओरडतात आणि वहिनी कुजबुजतात, अशी तक्रार करून भाऊजी ते बहुतेक वेळ खिशात ठेवतात. खचतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात बाद केलेले ड्रम परत गोळा करायला सुरुवात केली, कारण ते सगळेच चांगले होते. मांजरीची पिल्लं मोठी होऊन गेली होती, तो मिळाला. अळूचाही मिळाला. मोगऱ्याला वहिनींनी हात लावू दिला नाही. हरसूलच्या मेहुण्याने तर सरळ सांगितलं की ड्रम नेला तर धंदा बसेल, तेव्हा भाऊजींनी स्वतः जाऊन त्याला बारीक टोकाशी एक मूठ बसवून दिली. नाताळात शरणपूरच्या एका हॉलमध्ये विमलबाईंनी त्या सेटवर एक गाणं वाजवलं. एकच, कारण मनगट दुखतं. मग काठ्या नातीच्या हातात दिल्या आणि खाली येऊन भाऊजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. नात फार सुरेख वाजवत होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही; दोघे त्या लाल तोंडांकडे पाहत होते.

आता पुण्याहून, बंगळुरूहून वाजवणारे तरुण भाऊजींकडे येतात आणि तसे सेट मागतात. भाऊजी बनवतात. पण ड्रमची पडद्याखालची फायबरची कड किती घासायची हे आवाजावरून ठरतं, आणि तो ऐकायला कुणीतरी हवं. किसन सगळ्याला 'लय भारी' म्हणतो. वहिनींना त्यांचा चेहरा पाहून खोटंच बोलावं लागतं. म्हणून एके दिवशी भाऊजींनी मला बोलावलं. "तू मराठी शिकवलंस ना इतकी वर्षं," ते म्हणाले, "मग सांग मला, कसा आहे ते."

तेव्हापासून बहुतेक रविवारी मी अंबडला जाते. भाऊजी काठी मारतात आणि माझ्या तोंडाकडे पाहतात. आवाजासाठी मराठीत किती कमी शब्द आहेत हे मला या वयात कळलं. मग मी जमेल तसं सांगते. हा ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा आहे. हा आधी पाटा सरकवल्यासारखा खरखरतो, मग शांत होतो. हा बरा आहे, पण शेवटी कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखा अचानक संपतो. भाऊजी ऐकतात, म्हणजे माझे ओठ वाचतात, थोडा विचार करतात आणि पडदा काढून कडेवर नेमक्या जागी पॉलिशचा कागद फिरवतात. पुढच्या ठोक्याला ते दार लोटलेलं नसतं. हे त्यांना कसं जमतं ते मला अजून उलगडलेलं नाही. आवाज किती वेळ रेंगाळतो ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी हात वर धरते आणि तो विरत जाईल तसा सावकाश खाली आणते. भाऊजींची नजर माझ्या हातावर असते. काम चालू असताना मी यात कणभरही सूट देत नाही, ते त्यांना खपायचंही नाही. पण सगळं घासून, पुसून झालं, आता काही बदलायचं उरलं नाही, की ते शेवटचा एक ठोका मारतात, नुसता ऐकण्यासाठी. शेडमध्ये आवाज विरून जातो. माझा हात त्यानंतरही थोडा वेळ वरच असतो.